अमळनेरचं निकेल, फैजपूरचा रंग

विप्रोचा जन्म अमळनेरचा, हे खान्देशातल्या प्रत्येकाला पाठ असतं. बाहेरगावचा कुणी भेटला की दहा मिनिटांच्या आत आपण ते सांगतो. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी नोंदवली, पुढे त्या लांबलचक नावातून ‘विप्रो’ निघालं, आणि तेलातुपाच्या कारखान्यातून कॉम्प्युटरची कंपनी उभी राहिली. शेअरच्या किमतीचे आकडेही लोकांना तोंडपाठ असतात. पण त्या कारखान्यात नेमकं काय घडत होतं, हे विचारलं तर उत्तर येतं, ‘डालडा बनायचा.’ आणि डालडा कसा बनतो? इथे गप्पा संपतात.

मला या लेखात तिथूनच पुढे जायचं आहे. तेलाचं तूप करणारी ती किमया एका घन धातूच्या भुकटीवर चालायची. तो धातू म्हणजे निकेल. रसायनशास्त्रात त्याला उत्प्रेरक म्हणतात, कॉलेजच्या लॅबमध्ये सगळे कॅटॅलिस्ट म्हणतात. आज जळगाव-धुळ्याच्या प्रयोगशाळांमध्ये याच घराण्यातले उत्प्रेरक वेगळ्या कामासाठी वापरून पाहिले जातात. पाण्यात मिसळलेले रंग, कीटकनाशकं, द्रावकं, म्हणजे एकूणच सेंद्रिय घाण मोडून काढता येईल का, हे त्यात तपासलं जातं. शोधनिबंध निघतात, पीएचडी होतात. नाल्याचं पाणी मात्र तसंच वाहतं. असं का, याचं उत्तर मला इतिहासात सापडतं, आणि तो इतिहास बराचसा आपल्याच जिल्ह्यांतला आहे.

लग्न लावणारा, पण स्वतः न अडकणारा

१८२३ साली जर्मनीतल्या येना इथे डोबेरायनर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजनचा झोत सोडला. काडी न लावता हायड्रोजन पेटला. प्लॅटिनम होतं तसंच राहिलं. त्याआधी १८१७ मध्ये इंग्लंडात हंफ्री डेव्हीने पाहिलं होतं की ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात प्लॅटिनमची तार ज्वाळेशिवाय तापून लाल राहते. धातू काहीतरी घडवून आणतो आणि स्वतः खर्च होत नाही, हे कोडं होतं. १८३० च्या दशकात स्वीडनच्या बर्झेलियसने या प्रकाराला ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिलं.

आता आपल्याला कळतं की हे काम धातूच्या पृष्ठभागावर चालतं. रेणू येऊन धातूला चिकटतात. चिकटल्यावर त्यांच्यातले बंध सैल होतात, मोडतात, नवे जुळतात, आणि तयार झालेला रेणू उठून निघून जातो. जागा रिकामी झाली की पुढचा येतो. एसटी स्टँडवरच्या बाकड्यासारखं. बाकडं तेच, माणसं बदलत राहतात. म्हणून भुकटी जितकी बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि काम जास्त. आणि बाकड्यावर कुणी पथारी पसरून झोपलं, तर काम बंद. त्याला उत्प्रेरकाला विषबाधा होणं म्हणतात. गंधकाची संयुगं निकेलला अशीच मारतात.

घन उत्प्रेरकाची मोठी सोय ही की काम झालं की तो गाळून बाजूला काढता येतो. पाण्यात विरघळलेला उत्प्रेरक परत मिळवणं कठीण, आणि तो पाण्यासोबत नाल्यात गेला तर आपण एक घाण काढून दुसरी घातली असं होतं.

१८९७ पासून फ्रान्सच्या पॉल साबात्ये याने सांदराँ या सहकाऱ्यासोबत दाखवलं की प्लॅटिनमसारखा महाग धातू लागतोच असं नाही. निकेलच्या बारीक भुकटीवरही हायड्रोजन कार्बनी संयुगांना जोडता येतो. त्याला १९१२ चं नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९०२ मध्ये, जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मानने हीच युक्ती पातळ तेलावर वापरून पेटंट घेतलं. तेलातल्या दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडला की तेल थिजतं. १९११ मध्ये अमेरिकेत ‘क्रिस्को’ आलं, १९३० च्या दशकात आपल्याकडे डालडा. त्या डब्याने शब्दकोशच बदलला. आमच्या घरात कुठल्याही कंपनीचं वनस्पती तूप डालडाच असायचं.

बोरीकाठचा कारखाना

मग निकेल अमळनेरात आलं. जागा अचूक होती. भोवती भुईमूग पिकत होता, तापी खोऱ्यातून जाणारी रेल्वे होती, प्रताप शेठांच्या कापडगिरणीमुळे गावाला यंत्रांची आणि पाळ्यांची सवय होती. प्रताप कॉलेजही त्याच १९४५ साली सुरू झालं. बोरी नदीकाठचं हे तालुक्याचं गाव त्या वर्षी एकाच वेळी पदव्यांच्या आणि हायड्रोजनच्या वाटेला लागलं.

अशा कारखान्यात कढईच्या आधीचं काम फार महत्त्वाचं असतं. कच्चं तेल थेट निकेलवर टाकत नाहीत. त्यातली आम्लं, चिकटा, रंगद्रव्यं आधी काढावी लागतात, नाहीतर उत्प्रेरक मरतो. मग बंद भांड्यात साधारण दीडशे ते दोनशे अंश तापमानाला, दाबाखाली हायड्रोजन सोडून निकेलच्या भुकटीसह तेल घुसळतात. हवं तितकं घट्ट झालं की गाळून निकेल वेगळं करतात आणि पुन्हा वापरतात. तुपात निकेलचा अंश किती चालेल यावर कायद्याची मर्यादा असते.

या उद्योगाला विरोधही झाला. वनस्पती तूप साजूक तुपात भेसळीसाठी वापरलं जाई. गांधीजींनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मधून त्याविरुद्ध लिहिलं. पुढे वनस्पती तुपात तिळाचं तेल मिसळणं सक्तीचं झालं, कारण तिळाचं तेल एका सोप्या रंग-चाचणीत पकडता येतं, म्हणजे तुपातली भेसळही पकडता येते.

पण या गोष्टीतला खरा धडा उशिरा कळला. निकेलवर तेलाचं काम अर्धवट थांबवावं लागतं. पूर्ण हायड्रोजन भरला तर तूप मेणासारखं कडक होईल. अर्धवट थांबवलं की काही रेणू उलट्या ठेवणीचे तयार होतात, तेच ट्रान्स फॅट. ते हृदयाला घातक आहेत हे सिद्ध व्हायला आणि कायद्यात यायला अनेक दशकं गेली. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली. उत्प्रेरकाने सांगितलेलं काम चोख केलं होतं. अर्ध्या वाटेवर काय तयार होतंय, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

हे ‘अर्ध्या वाटेवर’ लक्षात ठेवा. पाण्याकडे वळल्यावर ते पुन्हा लागणार आहे.

फैजपूरचे रंगारी

पाण्यातली सेंद्रिय घाण म्हणजे काय? सांडपाण्यातला मैला हीसुद्धा सेंद्रिय घाणच. पण ती जिवाणू खातात. कठीण प्रश्न आहे तो जिवाणूंच्या दाताला न लागणाऱ्या, माणसाने घडवलेल्या रेणूंचा. त्यांत रंग सर्वांत डोळ्यात भरणारे, आणि रंगांचा विषय निघाला की खान्देशात फैजपूरला जावंच लागतं.

फैजपूर आपल्याला १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे माहीत आहे, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. पण ब्रिटिश काळातली गॅझेटियर उघडली तर हे गाव वेगळ्याच कारणासाठी भेटतं. सुती छापकाम, गडद निळा आणि लाल रंग, आणि रंगाऱ्यांची सुमारे अडीचशे घरं. निळा नीळीचा. लालासाठी त्या काळी आलाच्या झाडाची मुळं वापरली जात.

या जुन्या रंगकामातही धातू होता. रंग नुसता कापडावर टिकत नाही, धुतला की जातो. म्हणून कापड आधी तुरटीच्या पाण्यात बुडवतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने धागा आणि दुसऱ्या हाताने रंग धरतं. काळपट छटा हवी असेल तर लोखंडाचं पाणी. आपल्या आज्या गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवत, त्यातही हेच ॲल्युमिनियम मातीचे कण एकत्र आणून तळाशी बसवतं.

मग युरोपातून कारखान्यातले रंग आले. १८५६ मध्ये पर्किनचा जांभळा, १८६८-६९ मध्ये प्रयोगशाळेत केलेला अलिझरिन लाल, आणि १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीची कृत्रिम नीळ. या निळीबद्दल एक किस्सा सांगितला जातो. नॅफ्थलीनवर तीव्र गंधकाम्लाची क्रिया चालू असताना थर्मामीटर फुटला, पारा आत सांडला आणि क्रिया एकदम वेगाने पुढे गेली. पाऱ्याचं संयुग तिथे उत्प्रेरक ठरलं. त्या स्वस्त झालेल्या वाटेने भारतातल्या नीळ-शेतीचा धंदा काही वर्षांतच बसवला.

कारखान्यातल्या अनेक रंगांच्या मुळाशी ॲनिलीन हे रसायन आहे. ते मोठ्या प्रमाणात बनवायची पहिली सोपी रीत १८५४ मध्ये फ्रान्सच्या बेशांपने काढली. त्याला लागायचा लोखंडाचा कीस आणि आम्ल. लोखंडाच्या किसाने नायट्रोबेंझीनचं ॲनिलीन केलं, ॲनिलीनपासून ॲझो रंग बनले, ते रंग गिरण्यांमध्ये पोचले. जळगावची खान्देश मिल १८७० च्या दशकातली. नंतर अमळनेर आणि धुळ्यात प्रताप शेठांच्या गिरण्या आल्या. गिरण्या गेल्या, पण रंग, रसायनं आणि कीटकनाशकं आपल्या आयुष्यातून गेली नाहीत. खान्देश कापसाचा मुलूख आहे, आणि कापसावर किती फवारतात हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको.

हलवायचं की मोडायचं

१९६९ मध्ये महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला. केंद्राचा कायदा १९७४ चा, म्हणजे आपण पाच वर्षं आधी होतो. १९७० मध्ये राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. कारखान्यांनी पाणी स्वच्छ करूनच सोडायचं, असा नियम झाला.

नेहमीची पद्धत साधारण अशी असते. पाण्यात चुना आणि तुरटी किंवा लोखंडाचा क्षार घालायचा, गाळ बसवायचा, मग जिवाणूंच्या टाकीत हवा मारायची, शेवटी कोळशावरून सोडायचं. नीट पाहिलं तर यातल्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीत घाण फक्त जागा बदलते. पाण्यातून गाळात जाते, पाण्यातून कोळशात जाते. आजीची तुरटी आणि ही टाकी यांचं तत्त्व एकच. गाळ कुठेतरी पुरावा लागतो, कोळसा कुठेतरी जाळावा लागतो. मोडण्याचं काम फक्त जिवाणू करतात, आणि कृत्रिम रंगांतले बरेच त्यांना पचत नाहीत.

इथे मोजमापाचाही एक घोळ आहे. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यात महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते, देशात सर्वांत जास्त. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, सगळ्या त्यात आहेत. ही यादी बीओडी या आकड्यावर बनते. म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्यावर. शहरांचा मैला मोजायला हा आकडा उत्तम. पण जी घाण जिवाणू खातच नाहीत, ती या आकड्यात दिसणार कशी? तिच्यासाठी सीओडी हा दुसरा आकडा असतो. त्यात तीव्र रसायनाने सगळं जाळून हिशोब करतात. रंगाच्या पाण्यात सीओडी बराच मोठा आणि बीओडी त्या मानाने लहान येतो. या दोन आकड्यांतली दरी, हाच आपला विषय.

मोडणारे धातू

केंब्रिजमध्ये फेंटन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये प्रसिद्ध केलं की हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये थोडं विरघळलेलं लोखंड टाकलं तर टार्टारिक आम्लाचं झपाट्याने ऑक्सिडीकरण होतं. का होतं ते १९३० च्या दशकात हाबर आणि वाइस यांनी मांडलं. लोखंड पेरॉक्साइडला फोडून हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय आक्रमक, क्षणभरच जगणारा तुकडा तयार करतं. हा तुकडा समोर येईल त्या सेंद्रिय रेणूला चावतो. पुरेसा चावला तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. यात घाण जागा बदलत नाही, संपते.

फेंटनच्या रीतीत अडचण ही की पाणी चांगलंच आम्लधर्मी, पीएच ३ च्या आसपास लागतं, आणि नंतर विरघळलेल्या लोखंडाचा लाल गाळ उरतो. म्हणून संशोधकांनी लोखंड, तांबं, मँगनीज यांना मातीच्या, झिओलाइटच्या किंवा कोळशाच्या दाण्यांवर बसवायला सुरुवात केली. धातू जागेवर राहतो, पाणी वाहून जातं. नॉर्मानच्या निकेलचीच कल्पना, फक्त तुपाऐवजी पाणी.

दुसरी वाट उष्णतेची. १९५० च्या दशकात अमेरिकेत झिमरमनने सांडपाण्याला दाबाखाली दीडशे ते तीनशे अंशांपर्यंत तापवून हवेनेच घाण जाळायची पद्धत रूढ केली. पाण्याच्या आत जाळणं म्हणा. घन उत्प्रेरक घातला की हे कमी तापमानाला आणि कमी दाबात जमतं. या विषयावर जगभर वाचला गेलेला एक आढावा १९९५ मध्ये आपल्या माटुंग्याहून गेला. तिथल्या यूडीसीटीमधले मिश्रा, वि. वि. महाजनी आणि ज्येष्ठराज जोशी यांचा. जोशी सर पुढे मराठी विज्ञान परिषदेच्या कामातही अग्रभागी राहिले. सांडपाण्याचं रसायनशास्त्र ही दूर परदेशातली गोष्ट आहे असं वाटत असेल तर हे नाव लक्षात असू द्या. त्याच संस्थेतून पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी २००४ मध्ये नेहमीच्या तापमानाला चालणाऱ्या पद्धतींचा आढावा घेतला, तोही असाच गाजला.

तिसरी वाट उन्हाची. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला तर पाण्याचं विघटन घडवता येतं. चार-पाच वर्षांत त्याच पदार्थाने पाण्यातले विषारी रेणू मोडण्याचे प्रयोग आले. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन असतं, तेव्हा ही वाट आपल्यासाठीच आहे असं वाटतं. पण हा पांढरा पदार्थ फक्त अतिनील किरणं घेतो, आणि उन्हात ती जेमतेम ५ टक्के असतात.

चौथी वाट साध्या लोखंडाची. १९८० च्या दशकात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात भूजलाचे नमुने घेताना आढळलं की धातूच्या साहित्याशी संपर्क आलेल्या नमुन्यात क्लोरीनयुक्त द्रावकं आपोआप कमी होतायत. रॉबर्ट गिलहॅम यांनी त्यावरून जमिनीत लोखंडी किसाच्या भिंती पुरण्याची कल्पना पुढे नेली. भूजल त्यातून पाझरतं आणि द्रावक मोडतो. इथे लोखंड गंजून खर्च होतं, त्यामुळे काटेकोरपणे त्याला उत्प्रेरक म्हणता येत नाही. पण हाच कीस ॲझो रंगावर वापरला तर काय होतं ठाऊक आहे? रंग जातो, पाणी नितळ होतं, आणि त्यात ॲनिलीनच्या जातीची संयुगं उरतात. १८५४ मध्ये लोखंडाच्या किसाने जिथून सुरुवात केली होती, तिथेच तो आपल्याला परत आणून सोडतो.

निळी बाटली

आता आपल्या प्रयोगशाळांकडे. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. २०१८ पासून ते बहिणाबाईंच्या नावाने ओळखलं जातं. त्याआधी खान्देशातली मुलं पुण्याच्या विद्यापीठाखाली परीक्षा देत. गिरणेजवळच्या या परिसराने आणि जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूरच्या कॉलेजांनी एका पिढीला संशोधनाची दारं उघडली. त्या पिढीतला मीही एक. रसायनशास्त्राच्या कुठल्याही लॅबमध्ये गेलात तर टेबलावर एक निळी बाटली दिसेलच. मिथिलीन ब्लू. उत्प्रेरक टाका, दिवा लावा, तासाभरात निळं पाणी पांढरं. यंत्र आकडा देतं, ९५ टक्के, ९८ टक्के. फोटो सुंदर येतो.

पण याच मिथिलीन ब्लूचा एक जुना वर्गप्रयोग आहे. ग्लुकोज आणि अल्कलीच्या पाण्यात तो टाकला की थोड्या वेळात रंगहीन होतो. बाटली हलवली, हवा मिसळली की पुन्हा निळा. रेणू कुठेच गेलेला नसतो. त्याने फक्त रंग दाखवणं थांबवलेलं असतं. म्हणजे पाणी पांढरं झालं याचा अर्थ तीनपैकी काहीही असू शकतो. रंग भुकटीला चिकटला, रंगाने रूप बदललं, किंवा रंग खरोखर मोडला. आणि मोडला असला तरी कुठपर्यंत? ॲझो रंगांचे काही तुकडे मूळ रंगापेक्षा जास्त घातक असतात. काही ॲझो रंगांपासून कर्करोगकारक अमाइनं सुटतात म्हणून भारताने १९९७ मध्ये अशा ७० रंगांवर बंदी घातली. डालड्याची ‘अर्धी वाट’ इथे पुन्हा येते.

म्हणून माझ्याकडे कुणी असा निबंध पाठवला की मी चार गोष्टी शोधतो. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला? तोच उत्प्रेरक पाचव्या, दहाव्या वेळेला किती चालला? धातू विरघळून पाण्यात उतरला का? आणि नळाच्या किंवा नाल्याच्या खऱ्या पाण्यात हे करून पाहिलं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड जातो. लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटर असतं. खान्देशातलं बोअरचं पाणी जड असतं, भांड्यांवर पांढरे थर चढवणारं. त्यातले बायकार्बोनेट त्या आक्रमक हायड्रॉक्सिलला रेणूपर्यंत पोचायच्या आधीच गिळतात. कारखान्याच्या पाण्यात मीठ असतं, गंधक असतं, तेल असतं. बाकड्यावर पथारी पसरणारे हेच. अमळनेरात तेल आधी स्वच्छ करून मगच निकेलवर सोडत होते, ते उगाच नव्हे.

गिऱ्हाईक कोण?

तरीही माझ्या मते रसायनशास्त्र हा मुख्य अडथळा नाही. कढईतल्या निकेलचा खर्च तुपाच्या डब्यातून वसूल होत होता. कारखानदार उत्प्रेरकाला जपायचा, कारण तो मेला की तोटा त्याचाच. सांडपाण्याच्या टाकीतल्या उत्प्रेरकाचं गिऱ्हाईक कोण? स्वच्छ होऊन बाहेर पडलेल्या पाण्याला कुणी भाव देत नाही. पेरॉक्साइड विकत आणावं लागतं, दाबाची भांडी महाग, माणूस ठेवावा लागतो. लहान कारखान्याला तर टाकी फक्त तपासणीच्या दिवशी चालू ठेवणंच परवडतं. मग उत्प्रेरक कितीही हुशार असला तरी तो बरणीतच राहतो.

दुसरं कारण आपल्या इतिहासात आहे. खान्देशाने पाण्याचा विचार खूप केला, पण तो कायम ‘किती’चा केला. पांझरेवरचे जुने बंधारे आणि फड पद्धत म्हणजे आहे ते पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची शिस्त. विश्वेश्वरय्या इंजिनिअर होऊन नोकरीला लागल्यावर सुरुवातीच्या काळात धुळ्यात होते, आणि पांझरेच्या पाटासाठी पाइपचा सायफन घालणं हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक. जळगावने देशाला ठिबकच्या नळ्या दिल्या. शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी नाले खोल करून पाणी जिरवलं. हे सगळं अभिमानाचं आहे. पण पाणी ‘कसं’ आहे, हा प्रश्न आपण मंडळाच्या यादीवर सोडून दिला. जिरवलेलं पाणी जसं असेल तसंच विहिरीत उतरतं, हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको.

हे गणित बदलू शकतं, आणि थोडं बदलतही आहे. पाणी बाहेर सोडायचंच नाही, आत पुन्हा वापरायचं, अशी अट आली की स्वच्छ पाण्याला पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळतं, तो कारखाना स्वतःच. दुष्काळात टँकर विकत घेणाऱ्याला प्रत्येक लिटरची किंमत कळते. अशा ठिकाणी उत्प्रेरकाला सगळं काम एकट्याने करायचीही गरज नसते. न पचणाऱ्या रेणूचे आधी दोन-चार तुकडे धातूने करायचे आणि ते तुकडे जिवाणूंना खायला द्यायचे, ही जोडी सर्वांत स्वस्त पडते. इथे अर्धी वाट चालते, कारण पुढच्या वाटेवर कुणीतरी उभा असतो. फक्त ते तुकडे जिवाणूंना मारणारे नाहीत ना, हे आधी तपासावं लागतं.

तुमच्यापैकी काही जण आत्ता जळगाव, धुळे किंवा अमळनेरच्या एखाद्या लॅबमध्ये निळ्या बाटलीसमोर बसलेले असतील. मी तुम्हाला एवढंच सुचवेन की पुढचा प्रयोग मिथिलीन ब्लूवर करू नका. जवळच्या नाल्याचं पाणी कॅनमध्ये भरून आणा. आकडा ९८ वरून ३० वर येईल. गाइड कदाचित नाराज होतील, आलेखही देखणा दिसणार नाही. पण तो ३० आपल्या पाण्याबद्दल काहीतरी सांगणारा आकडा असेल, आणि तो ३१ कसा करायचा यावर काम करण्यात पाच वर्षं घालवायला हरकत नाही. अमळनेरला असाल तर कॅन भरायला लांब जावं लागणार नाही. बोरी गावाला लागूनच आहे.